डावीकडची शेवटची खोली

माझी लाँड्री आहे. लोक खिशात काय काय विसरतात ते सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बाई फेकतेय. अंगठ्या, चाव्या, दातांची कवळी. एका गृहस्थांच्या कोटात तर जिवंत गोगलगाय निघाली होती, आणि वर तेच मला विचारत होते की ही तुमच्याकडे शिरली का. जे काही सापडेल ते मी कागदी पाकिटात घालते, पाकिटाचं तोंड दोनदा मुडपून कोपरा आत खोचते आणि त्याच कपड्याच्या हँगरला बांधून परत देते. इतक्या वर्षांत कुणाची टाचणीसुद्धा माझ्याकडे राहिलेली नाही. हे मी मिरवते. का मिरवू नये?

म्हणूनच भाचीने जेव्हा विचारलं, "आत्या, चोरी करशील का?", तेव्हा मला हसू आवरेना.

भाची शिकायला माझ्याकडे राहते. मानसशास्त्रात प्रबंध करतेय. विषय असा, की खोटं पकडायचं यंत्र खरंच खोटं पकडतं का. त्यासाठी तिला माणसं हवी होती. त्यातल्या काहींनी लुटूपुटूची चोरी करायची, काहींनी नुसतं बसून राहायचं, आणि मग सगळ्यांना यंत्राला जोडून प्रश्न विचारायचे. चोर कोण आणि साव कोण, हे तिलाही माहीत नसायचं, यंत्र चालवणाऱ्यालाही नाही आणि तिच्या सरांनाही नाही. यंत्र ज्याला निर्दोष म्हणेल त्याला थर्मास बक्षीस.

"कॉलेजातली पोरं कमी पडली का?" मी विचारलं.

"सर म्हणतात, सगळ्या वयाची माणसं हवीत."

"म्हणजे म्हातारी हवीय."

"अनुभवी," ती म्हणाली. लबाड आहे कार्टी.

मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून गेले. तिच्या विभागात एक लांबच लांब कॉरिडॉर आहे, दोन्ही बाजूंना खोल्या. नेहमीच्या खोलीतला पंखा बिघडला होता आणि वीजवाला शिडीवर चढून बसला होता, म्हणून भाचीने मला समोरच्या खोलीत बसवलं. टेबलावर चिठ्ठ्यांचा डबा, कोरी कागदी पाकिटं, हेडफोन आणि एक मोठी लाकडी पेटी, वर फट, पुढे कुलूप. "चिठ्ठी उचल, टेप ऐक, टेप सांगेल तसं कर," असं म्हणून ती निघून गेली. चिठ्ठी उघडली. मी चोर होते. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

टेपवर सरांचा आवाज होता, गोड आणि सावकाश. "खोलीतून बाहेर पडा. डावीकडे वळा. डावीकडच्या शेवटच्या खोलीत कुणीही नसेल. टेबलाच्या वरच्या ड्रॉवरमध्ये जी मौल्यवान वस्तू दिसेल ती घ्या. कुणी पाहता कामा नये. परत या. चाचणी संपल्यावर ती वस्तू टेबलावरच्या एका कागदी पाकिटात घालून पेटीत टाका. प्रयोग संपेपर्यंत याबद्दल कुणाशीही बोलू नका. कुणीही विचारलं, कसंही विचारलं, तरी नाकारा."

मी बाहेर पडले, डावीकडे वळले, शेवटच्या खोलीत शिरले आणि मनातल्या मनात पोरांना शाबासकी दिली. काय हुबेहूब खोली सजवली होती! खिडकीत कुंडी, खुर्चीवर शाल, कपाच्या तळाशी वाळलेला चहा, भिंतीवर कुणा लहान मुलाने काढलेला हत्ती. ड्रॉवरमध्ये खोकल्याच्या गोळ्या होत्या, स्टेपलर होता आणि एक जुनं घड्याळ होतं. चामडी पट्टा बक्कलापाशी फाटलेला, कुणीतरी जाड दोऱ्याने हाताने शिवलेला. टाका वाकडा होता. माझा धंदाच तो, टाक्याकडे आधी लक्ष जातं. घड्याळ ब्लाउजात सरकवलं आणि परत निघाले, तेव्हा छाती अशी धडधडत होती की वाटलं, एवढी मजा असते होय यात.

मग यंत्र. बोटांना क्लिपा, छातीला पट्टा. यंत्रवाला म्हणजे शेंडी बांधलेला एक पोरगा, चेहऱ्यावर इस्त्री केल्यासारखा. "तुम्ही घेतलेली वस्तू अंगठी होती का? पेन होतं का? किल्ली होती का? चष्मा होता का? कानातलं होतं का?" प्रत्येकाला मी नाही म्हटलं. वाट बघत होते की आता घड्याळ येईल. आलंच नाही. मला वाटलं, हीच तर त्यांची गंमत असेल. यंत्राने मला निर्दोष ठरवलं. मी घड्याळ पाकिटात घातलं, सवयीने तोंड दोनदा मुडपून कोपरा खोचला, पेटीत टाकलं आणि निळा थर्मास घेऊन घरी आले. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दाखवला. कशाबद्दल मिळाला ते सांगितलं नाही, शब्द दिला होता ना.

पुढच्या आठवड्यात एकदा जेवताना भाची म्हणाली, "आमच्या विभागात चोरी झाली. खरी."

"कसली?"

"आमच्या एक मॅडम आहेत, त्यांच्या वडिलांचं घड्याळ. वडील गेले त्यांचे मागच्या वर्षी. पट्टा दुरुस्तीला न्यायचा म्हणून आणलं होतं, ड्रॉवरमध्ये ठेवून वर्गावर गेल्या. आल्या तर नाही. रडत होत्या गं. आणि त्या वेळी तिथे फक्त झाडूवाल्या मावशी होत्या. बिचाऱ्या इतकी वर्षं काम करतात, कुणाला वाटलं नसतं."

घास माझ्या हातातच राहिला. "मॅडमच्या खोलीत हत्ती आहे का? भिंतीवर?"

"हो. त्यांच्या मुलाने काढलेला. तुला कसं माहीत?"

"अगं, ते घड्याळ मी घेतलं!"

तिने काय करावं? दोन्ही कानांवर हात ठेवले. देवाशप्पथ. "आत्या, गप्प बस! चोर कोण ते मला कळलं तर माझा प्रयोग बाद होईल!"

"तुझा प्रयोग गेला खड्ड्यात. मी एका बाईचं घड्याळ उचललंय."

"तू मला काहीच सांगितलेलं नाहीस," ती ताटावरून उठली. "आणि आपल्या प्रयोगात घड्याळ नाहीच आहे. आपल्या खोलीत ड्रॉवरभर अंगठ्या आहेत, म्हणजे एखादी गेली तरी कळू नये. खोली शेवटचीच, पण दुसऱ्या टोकाची. तू तिकडे जाशीलच कशी?"

ती आत जाऊन दार लावून बसली आणि मी ओट्यापाशी उभी राहून डोकं चालवलं. मला उलगडायला भांडी घासून होईपर्यंतचाच वेळ लागला. टेप नेहमीच्या खोलीसाठी होती. मला बसवलं होतं समोरच्या खोलीत. समोरच्या दारातून बाहेर पडलं की डावं टोक उजवं होतं आणि उजवं डावं, हे शेंबडं पोरही सांगेल. दारावर जाऊन सांगितलं, तर आतून रडवेला आवाज आला, "पण टेप बदलता येत नाही गं! सगळ्यांनी तेच शब्द ऐकायला हवेत, नाहीतर प्रयोग शास्त्रीय राहत नाही. त्या दिवशी सकाळी एकटीच होतीस तू, दुपारी पंखा सुरू झाला." म्हणजे खोली हलवली, शब्द हलवले नाहीत. शिकलेल्या माणसांनाच जमतं हे.

"मग पेटी उघडा. माझं पाकीट आहे आत."

"सगळे झाल्याशिवाय उघडायची नाही. शनिवारी उघडेल. आत्या, तीन वर्षं घातलीत मी यात. शनिवारपर्यंत थांब ना. मावशींना कुणी काढून टाकलेलं नाही, पोलीससुद्धा बोलावले नाहीत. सर स्वतः बघतायत. सर शिक्षेच्या विरुद्ध आहेत."

इथे मी माती खाल्ली. थांबले. पोरीच्या रडण्याला भुलले, आणि सरांच्या त्या गोड आवाजालाही, की एवढा शहाणा माणूस लक्ष घालतोय तर काय वावगं होईल.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझं कशातही लक्ष लागेना. शर्टाच्या कॉलरवर इस्त्री ठेवली आणि रस्त्याकडे बघत राहिले. वास आला तेव्हा कॉलर गेली होती. माझ्या हातून कपडा जळाला! गिऱ्हाईक आलं की वाटायचं, हे आता विचारणार. कुणी काही विचारत नव्हतं. तो निळा थर्मास फळीवर बसून माझ्याकडे बघत होता. मी तो उचलून कपाटात कोंबला, मग वाटलं कपाटात लपवणं म्हणजे चोराची लक्षणं, म्हणून परत बाहेर काढला. उभं राहवेना, बसवेना. त्या मावशींचा चेहरा मी पाहिलेलाही नव्हता आणि तो डोळ्यांसमोरून हलत नव्हता. रोज झाडू मारताना माणसं कुजबुजत असतील. पर्स जवळ ओढून घेत असतील. आणि ते सगळं माझ्या वाट्याचं, ती फुकट भोगत होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कुलूप लावलं आणि भाचीला न सांगता सरळ सरांच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

सर फार सभ्य. उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. पंखा, शिडी, डावं, उजवं, हत्ती. ते मान डोलावत ऐकत होते. मला वाटलं आता उठतील, पेटी फोडतील. ते म्हणाले, "चहा घ्या ना."

मी घेतला.

"तुमची तळमळ मला समजते," ते म्हणाले. "लुटूपुटूची का होईना, चोरी केली की मनात अपराधाची भावना शिल्लक राहते. मग ती एखादी खरी घटना शोधते आणि तिला जाऊन चिकटते. कित्येक माणसं न केलेल्या गुन्ह्याची जबाबदारी घेतात. शिक्षा मिळाली की त्यांना हलकं वाटतं."

"अहो, मला हलकं नको वाटायला. मला पेटी उघडून हवीय."

"यंत्राने तुम्हाला निर्दोष ठरवलंय," ते म्हणाले, आणि हसले.

"घड्याळाचं विचारलंच नाही त्याने! अंगठी, पेन, कानातलं! मी कशाला दचकू?"

"मावशींना विचारलं."

मी कप खाली ठेवला.

"तेही त्यांच्याच भल्यासाठी," सर म्हणाले. "वाटलं, यंत्राने सोडलं तर कुजबुज थांबेल. पण घड्याळ म्हणताच कागदावर रेघ अशी उसळली की काही विचारू नका."

"उसळणार नाही तर काय! सगळा विभाग तिच्याकडे घड्याळ-घड्याळ करत बघतोय. घड्याळ म्हटल्यावर तिच्या काळजाचं पाणी होणार नाही, तर कुणाच्या होणार?"

"म्हणूनच मी यंत्रावर थांबलो नाही." आता त्यांचा आवाज टेपवरच्यासारखा झाला. "मी त्यांना रोज इथे बोलावलं. तुम्ही बसलात त्याच खुर्चीत. चहा दिला. एका शब्दाने रागावलो नाही. म्हटलं, मावशी, तुम्ही वाईट नाही. कधी कधी हात एखादी गोष्ट करतो आणि मन ती झाकून ठेवतं. डोळे मिटा. तो दिवस आठवा. हातात फडकं आहे, ड्रॉवर अर्धा उघडा आहे. काय दिसतं? पहिल्यांदा त्यांना काही दिसत नव्हतं. फार रडल्या. काल थोडं दिसलं. आज सकाळी सगळं आठवलं."

"काय आठवलं?"

"टेबल पुसताना त्यांनी घड्याळ उचललं, कागदांबरोबर ते कचऱ्याच्या बादलीत पडलं, आणि बादली त्यांनी मागे नेऊन ओतली. घाबरून बोलल्या नाहीत. बघा, चोरीसुद्धा नव्हे, नुसती चूक. किती मोकळं वाटलं असेल त्यांना! मी मॅडमना सांगून त्यांना क्षमा करायला लावली. काम सोडा म्हटलं, पण तक्रार नाही, पोलीस नाही. त्यांना तर पट्टासुद्धा आठवतोय. स्टीलचा, हाताला थंड लागला म्हणाल्या."

"पट्टा चामडी आहे," मी म्हटलं. "बक्कलापाशी फाटलेला. जाड दोऱ्याने शिवलाय, टाका वाकडा आहे. मॅडमना विचारा."

सर क्षणभर थांबले. खरंच थांबले. मला वाटलं, पोहोचलं. मग म्हणाले, "तपशिलात स्मृती चुकते. त्याने मूळ घटना खोटी ठरत नाही."

माझ्या डोक्यात जी तिडीक गेली! कालचा दिवस मी दुकानात बसून कॉलर जाळत होते. काल आले असते तर काल तिला थोडंच दिसलं होतं. एवढंच डोक्यात घुमत होतं, काल थोडं, आज सगळं. मी उठले आणि कॉरिडॉरमधून चालत सुटले. मागून सर "अहो, अहो" करत आले. नेहमीच्या खोलीत भाची आणि शेंडीवाला काहीतरी लिहीत बसले होते. पेटी टेबलावरच होती.

"आत्या?" भाची म्हणाली.

मी पेटी उचलली. ओल्या चादरींची गाठोडी उचलून माझे दंड तयार झालेत, पेटी काय चीज आहे. डोक्याच्या वर नेली आणि जमिनीवर आपटली. फळी निखळली. पाकिटं सगळीकडे पसरली, नुसती दुमडलेली, चिकटपट्टी लावलेली, एकसारखी. भाची किंचाळली. सर दारात खिळले. शेंडीवाला भिंतीला टेकला, त्याच्या चेहऱ्यावरची इस्त्री पहिल्यांदाच उतरली.

"कुणी हात लावू नका," मी म्हटलं. "बाकीचं एकही पाकीट मी उघडणार नाही. माझं मला कळतं."

एकाच पाकिटाचं तोंड दोनदा मुडपलेलं होतं आणि कोपरा आत खोचलेला. ते मी सरांच्या हातात दिलं. त्यांनी उघडलं. घड्याळ तळहातावर पडलं. वाकडा टाका वर आला होता.

त्यानंतर सगळ्यांनी मला समजावलं. सर म्हणाले, तुमची काही चूक नाही, ही कार्यपद्धतीतली त्रुटी आहे. बोलता बोलता ते खुर्ची शोधत होते. भाची रडत रडत पाकिटं गोळा करत म्हणाली, तुझी चूक नाही गं आत्या, खोली मी हलवली. मॅडम धावत आल्या, घड्याळ छातीशी धरून म्हणाल्या, तुमची काय चूक, तुम्हाला सांगितलं तसं केलंत. पेटी मोडल्याबद्दलसुद्धा कुणी ब्र काढला नाही. या सगळ्या प्रकरणात जाणूनबुजून केलेला गुन्हा तेवढाच होता, तोही माफ. मला इतका राग आला! कुणीतरी एक खणखणीत शिवी हासडली असती तर मी तिथेच मान खाली घालून ऐकली असती. शिक्षा सगळी एकीच्या पदरात पडली होती, आणि क्षमा मात्र आम्ही वाटून घेत होतो.

"मावशी कुठे राहतात?" मी विचारलं.

सर म्हणाले, मी उद्या त्यांना बोलावून घेतो. मी म्हटलं, तुम्ही आता कुणालाही बोलवायचं नाही. मॅडमनी घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "तुम्हीच दाखवा त्यांना. मी सकाळी त्यांना म्हटलंय, जा, मी माफ केलं. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

भाची आणि मी गेलो. मावशींचं घर म्हणजे जिन्याखालच्या दोन खोल्या. दार सुनेने उघडलं. आम्ही विभागातून आलोय म्हटल्यावर तिचा चेहरा कडक झाला. आत शिरताना मी पाहिलं, कपाटाला कुलूप होतं, नवंकोरं, आणि किल्ली सुनेच्या गळ्यातल्या दोऱ्यात. बाळ तिच्या कडेवर होतं. मावशी कोपऱ्यात खाली बसल्या होत्या. बारीक चणीची बाई, माझ्याच वयाची, हात मांडीवर उपडे ठेवलेले. बाळ त्यांच्याकडे झेपावत होतं आणि सून त्याला दुसऱ्या कडेवर घेत होती.

मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. एका दमात सगळं सांगितलं. घड्याळ मी घेतलं. चुकून घेतलं. तुम्ही काहीही केलेलं नाही. तुम्ही त्याला हातसुद्धा लावलेला नाही. आणि घड्याळ त्यांच्यापुढे ठेवलं.

सुनेच्या तोंडून "अगंबाई" निघालं. तिने गळ्यातला दोरा नकळत मुठीत झाकला.

मावशींनी घड्याळाकडे पाहिलं. हात लावला नाही. "हे नाही," त्या म्हणाल्या.

"हेच आहे, मावशी. मॅडमनी ओळखलं. त्यांनीच दिलंय."

"नाही हो. त्याचा पट्टा थंड होता." त्यांनी उजव्या हाताची बोटं चोळली. "मला आठवतंय ना. फडक्यात गुंडाळलं गेलं. बादलीत पडलं तेव्हा वाजलं. मी मागे जाऊन ओतलं. बोलायला हवं होतं, मी बोलले नाही, तेच चुकलं माझं. सरांनी किती सांभाळून घेतलं, नाहीतर मला काहीसुद्धा आठवलं नसतं."

"असं काही झालंच नाही," भाची रडवेली होऊन म्हणाली. "मावशी, ते खोटं आठवतंय तुम्हाला."

"खोटं कसं असेल, बाळा? मला वाजलेलं ऐकू येतंय." त्या घड्याळावर वाकल्या, वाकड्या टाक्यावर बोट नेलं, पण टेकवलं नाही. मग माझ्याकडे वर पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती होती. "मग मी टाकलं ते काय होतं?"

मी त्यांचा हात धरला. तो गार पडला होता. "काहीच नव्हतं. मी घेतलं घड्याळ. माझ्यावर विश्वास ठेवा. मला स्वच्छ आठवतंय, खिडकीत कुंडी होती, खुर्चीवर शाल होती, ड्रॉवरमध्ये खोकल्याच्या गोळ्या होत्या, छाती धडधडत होती माझी..."

मी जसजशी सांगत गेले तसतसा त्यांचा चेहरा बदलत गेला. भीती ओसरली. मला वाटलं, पटलं एकदाचं. त्यांनी दुसरा हात माझ्या हातावर ठेवला आणि थोपटला, माझी कीव आल्यासारखा.

"तुम्हालाही त्या खुर्चीत बसवलं होतं का हो?" त्यांनी हळूच विचारलं. "चहा दिला होता?"

"दिला होता," मी म्हटलं.